मेंदू कौल देत नाही

पत्र मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई चौतीस वर्षांच्या. घराच्या पुढच्या तीन खोल्या पर्यटकांना देतात, जेवणही त्याच करतात. नवरा आणि सासरे होडीवर. मुलाला नुकतीच दहा पूर्ण झाली, पाचवीत आहे. साडेपाचाव्या वर्षी पहिलीत घातल्यामुळे वर्गात सगळ्यांत लहान. जागेवर बसत नाही, वह्या अर्ध्या, पाण्याची बाटली दर आठवड्याला नवी. गणित येतं, पण पाचव्या उदाहरणापर्यंत पोचत नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पंधरा मिनिटांत 'एडीएचडी' (लक्ष टिकत नाही, चुळबुळ थांबत नाही असं दुखणं) लिहिलं, "मेंदूतलं एक केमिकल कमी पडतंय" म्हणाले आणि गोळी सुचवली. ठाण्याचे दीर म्हणतात, गोळीआधी 'ब्रेन मॅपिंग' करा, रंगीत नकाशा मिळतो, सगळं कळतं. सासूबाई म्हणतात, "ह्येका भायरचा कायतरी लागलेला हा, गाऱ्हाणा घालूक व्हया." शाळेचं म्हणणं, लाड कमी करा. बाईंचा सख्खा भाऊ एकोणिसाव्या वर्षापासून स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराच्या) उपचारांवर आहे. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितलेली नाही. मुलाने परवा विचारलं, "आई, माझो मेंदू बिघडलो हा?" उत्तर देता आलं नाही, म्हणून पत्र.

सप्रेम नमस्कार.

तुमची साडेतीन पानं मुलाबद्दल आहेत आणि शेवटचं अर्धं पान, वेगळ्या शाईने, भावाबद्दल. पत्र खरं तर तिथून सुरू होतं असं मला वाटतं. तेव्हा मीही मागून वाचते.

तुमचा मुलगा मामाच्या वाटेने चाललाय का, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. ही दोन वेगळी दुखणी आहेत. एडीएचडी वाढत जाऊन त्याचा स्किझोफ्रेनिया होत नाही. मानसिक आजारांच्या आनुवंशिक मुळांत काही धागे एकमेकांत गुंतलेले असतात हे खरं, आणि मामाला आजार असेल तर भाच्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी वाढते हेही खरं. पण थोडीच. असे मामा असलेले बहुतेक सगळे भाचे त्या आजाराशिवाय म्हातारे होतात. आपल्याकडे 'रत्नागिरीला पाठवा ह्याला' ही शिवी आहे, त्यामुळे तिथल्या मनोरुग्णालयातून उपचार घेऊन आलेल्या माणसाचा उल्लेखही आपण कुजबुजत करतो. तुमचा भाऊ गोळ्या वेळेवर घेतो आणि माडांचं शिंपणं सांभाळतो, हे तुम्हीच लिहिलंय. वाईट उदाहरण म्हणून दाखवण्यासारखं त्यात मला काही दिसलं नाही.

मात्र हे डॉक्टरांपासून लपवलंत ते चुकलं. रागाने म्हणत नाहीये. सासरी आधीच 'मामार गेलो' ऐकावं लागतं, त्यात कागदावर नोंद नको वाटणं साहजिक आहे. पण एडीएचडीसाठी जी औषधं आधी दिली जातात, त्यांनी क्वचित काही मुलांना भास-भ्रम होऊ शकतात, म्हणून घरात कुणाला असा आजार आहे का, हे डॉक्टरांना माहीत असावं लागतं. तसंच घराण्यात कुणाला हृदयविकार असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेही. पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच बोला.

आता 'केमिकल'.

डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. गर्दीच्या ओपीडीत आईच्या मनावरचं ओझं एका वाक्यात उतरवायचं तर हे वाक्य सोयीचं आहे. पण ते आलं कुठून, ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्याचं एक मूळ आपल्याच मातीत आहे. सर्पगंधा. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्या मुळाचा उन्माद आणि रक्तदाब यांवरचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा अनुभव मांडला, आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं. पुढे लक्षात आलं की रिसर्पिनने मेंदूतली सेरोटोनिनसारखी काही रसायनं घटतात, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याच्या नोंदी आल्या. त्याच सुमाराला उलट बाजूनेही एक गंमत घडत होती. क्षयावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातले रुग्ण चक्क उल्हसित होऊ लागले होते. दोन टोकं जुळवली गेली. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नैराश्य आणि मेंदूतली रसायनं यांचा संबंध सांगणारं गृहीतक मांडलं. त्यांनी ते जपून, गृहीतक म्हणूनच मांडलं होतं. बाजारात येईपर्यंत त्याचं 'रसायन कमी, गोळीने भरून निघतं' असं झालं.

यात एक उडी आहे. अंगावर पित्त उठलं की आपण आमसुलाचं पाणी चोळतो आणि बरं वाटतं. म्हणून पित्त अंगातलं आमसूल कमी झाल्याने उठलं, असं तुमच्या सासूबाईसुद्धा म्हणणार नाहीत. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यावर भांडणं झाली, अजून चालू आहेत. पण एक गोष्ट लगेच सांगते, कारण हे वाचून कुणीतरी आपली गोळी बंद करेल: औषध का काम करतं याची गोष्ट चुकली, म्हणून औषध काम करत नाही असं होत नाही. तुमच्या भावाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकता कामा नये.

लक्षाच्या औषधांची जन्मकथा तर आणखी तिरपी. १९३७ साली अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर मुलांच्या मेंदूचे फोटो काढायचे. त्यासाठी तेव्हा पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरत, आणि मुलांचं डोकं भयंकर ठणके. ते थांबावं म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण काही मुलं अचानक वह्या पूर्ण करू लागली. मुलांनीच त्या औषधाला 'गणिताच्या गोळ्या' म्हटलं. मग तेच जुनं गणित: औषधाने डोपामिन हे मेंदूतलं रसायन वाढतं, मूल सुधारतं, म्हणजे डोपामिन कमी होतं. पण ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९७८ साली कुठलीही तक्रार नसलेल्या मुलग्यांना तशाच जातीचं औषध दिलं, तर त्यांचंही लक्ष वाढलं आणि चुळबुळ कमी झाली. म्हणजे गोळी लागू पडली यावरून निदान सिद्ध होत नाही. आणि मुलाचं डोपामिन मोजून 'इतकं कमी' असं सांगणारी रक्ततपासणी आजही कुठल्याच लॅबमध्ये नाही.

मग मेंदूचा संबंधच नाही का? आहे. भरपूर आहे. फक्त तो पाण्याची टाकी रिकामी होण्यासारखा नाही.

मला स्वतःला एक कल्पना सगळ्यांत पटते; तिलाही अजून कल्पनाच म्हणायचं. माणूस काही काम करत नसतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त जागे असतात, आठवणी काढतात, उद्याचे बेत करतात. मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली हे ठळकपणे मांडलं. काम सुरू झालं की हे भाग मागे सरतात. एडमंड सोनुगा-बार्क आणि फ्रान्सिस्को कॅस्टेलानोस यांनी २००७ साली सुचवलं की एडीएचडीत हे मागे सरणं अर्धवट राहतं आणि मधेच त्यांचा आवाज कामात शिरतो. सीझनमध्ये तुम्ही माजघरात हिशेब घेऊन बसता आणि पुढच्या खोलीतले पाहुणे स्पीकर लावतात, तेव्हा तुमच्या बेरजेचं काय होतं? तुमच्या मुलाच्या पुढच्या खोलीत पाहुणे बारा महिने असतात, असं धरून चाला.

दुसरं, वेळेचं. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी एरवी सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास कळसाला पोचते, तर एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटात साडेदहाच्या सुमारास. टप्पे साधारण त्याच क्रमाने येतात, पण उशिरा. तुमचा मुलगा वर्गात सगळ्यांत लहान आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी त्याखाली रेघ मारली. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, असं बऱ्याच देशांत आढळलंय. त्याची तुलना त्याच्यापेक्षा वर्षभराने मोठ्या मुलांशी होतेय, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता दिरांचा रंगीत नकाशा. तुमच्याकडे देवळात कौल लावताना पाहिलं असेल. पाषाणाला पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवायचे, उजवा पडला की हो, डावा पडला की नाही. ब्रेन मॅपिंगकडून दिरांना हेच हवंय, आणि सासूबाईंना गाऱ्हाण्याकडूनही. दोघांचं एकमेकांशी पटत नसलं तरी मागणी एकच आहे. मेंदू असा कौल देत नाही. २०१७ साली तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनची तुलना प्रसिद्ध झाली, त्यात एडीएचडी असलेल्यांच्या मेंदूचे काही भाग सरासरीने किंचित लहान निघाले. किंचित म्हणजे किती? दोन बंदरांवरच्या लिलावातले हजार हजार बांगडे तोललेत तर सरासरीत थोडा फरक निघेल. पण एक बांगडा तुमच्या हातावर ठेवून 'हा कुठल्या बंदराचा' विचारलं, तर सासरेही सांगू शकणार नाहीत. एका मुलाच्या स्कॅनचं तसंच आहे. असे नकाशे ज्यावरून रंगवतात, त्या डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखाबद्दल (ईईजी) अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१६ साली बजावलं होतं की नेहमीच्या तपासणीऐवजी तो वापरू नये. पॅकेजचे पैसे ठेवा. अपवाद एकच: मूल मधेच काही सेकंद शून्यात बघतं, हाक ऐकत नाही, पापण्या फडफडतात, मग जसं काही झालंच नाही असं पुढे खेळू लागतं, असं होत असेल तर ती एक प्रकारची फीट असू शकते. तिथे ईईजी हवाच, आणि तो डॉक्टरांनी सांगितलेला.

निदान होतं ते विचारपूस करून. दुर्लक्षाची नऊ आणि चंचलपणाची नऊ अशी लक्षणं असतात. मुलांमध्ये कमीत कमी एका गटातली सहा, किमान सहा महिने, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी दिसणारी आणि रोजच्या कामात अडथळा आणणारी असावी लागतात. तुमच्या डॉक्टरांनी शाळेला काही विचारलं का? पत्रावरून नाही वाटत. वर्गातल्या बाईंकडून प्रश्नावली भरून न्या. त्याआधी कान, डोळे, हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि रात्री तो तोंड उघडं टाकून घोरतो का ते बघा. झोप मोडणारी मुलं दिवसा पेंगण्याऐवजी बरेचदा उड्या मारतात. हे सगळं घेऊन बालमनोविकारतज्ज्ञांना किंवा त्यातले जाणते बालरोगतज्ज्ञ असतील त्यांना पुन्हा दाखवा. आधीचं निदान कदाचित बरोबरच निघेल. मला तसं वाटतं, पण मी डॉक्टर नाही, समुपदेशनाच्या खुर्चीत बावीस वर्षं बसलेली बाई आहे. मुंबईला रात्रभराचा प्रवास करण्याआधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा; फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, आणि जवळ कुठे जायचं ते विचारता येतं.

त्यांनीही गोळी सुचवली तर घाबरू नका. अल्प मुदतीत तिचा उपयोग होतो, याचा पुरावा चांगला आहे. भूक कमी होते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघत राहावं लागतं. महिनाभर घेऊन काय बदललं ते वहीत लिहा. नको वाटली तर डॉक्टरांशी बोलून थांबवता येते.

सासूबाईंशी भांडू नका. गाऱ्हाणं घालूदेत, नारळ ठेवूदेत. त्यात नातवाची काळजी आहे. फक्त दोन गोष्टींवर अडून बसा. त्यापायी तपासणी पुढे ढकलायची नाही, आणि कुणी भगत धुरी देतो, उपाशी ठेवतो, मारतो असं काही म्हणाला तर मूल उंबऱ्याबाहेर जाणार नाही. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे.

लाडाबद्दल. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-रायखमन या मोठ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई असा शब्द वापरला, आणि पुढची कित्येक वर्षं आजारी मुलांच्या आया आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. मेंदूच्या संशोधनाने त्यांना तिथून बाहेर काढलं, हे त्याचं मोठं पुण्य. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के धरतात. हा आकडा लोकांलोकांतल्या फरकाबद्दल आहे, तुमच्या मुलातला ७४ टक्के भाग बिघडलाय असा त्याचा अर्थ नाही. (इंजिन उघडून बसला की जेवायचं विसरणारा आणि दहावीला तीनदा बसलेला तुमचा नवरा मला इथे आठवला. त्यालाही हे पत्र वाचायला द्या.) पण मेंदूच्या भाषेला दुसरी धार आहे. आजाराचं मूळ शरीरात आहे असं सांगितलं की लोक दोष कमी देतात, पण हा काही सुधारायचा नाही असंही जास्त मानू लागतात. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न त्याच धारेने कापलेला आहे.

पत्रातला मला सगळ्यांत आवडलेला भाग तुम्ही तक्रार म्हणून लिहिलाय. 'आजोबांबरोबर फाटलेलं जाळं सांधायला बसला की दोन तास हलत नाही. मग पुस्तकावरच का नाही? नाटकं करतो असं वाटतं.' शाळाही तेच म्हणते. पण आवडीच्या कामात गुंतणं आणि एडीएचडी असणं यात विरोध नाही. लक्ष आटलेलं नसतं, ते हवं तिथे वळवता येत नसतं. आता त्या जाळ्याकडे नीट बघा. काम हातात आहे. एक डोळा चुकला की लगेच दिसतो, सोडवून पुन्हा घालता येतो, कुणी लाल रेघ मारत नाही. एक भोक बुजलं की एक काम संपतं. आणि आजोबा शेजारी आहेत, आपलं काम करतायत, त्याच्याकडे बघत नाहीत, बोलत नाहीत.

गणिताला यातलं काय मिळतं? तो पडवीत बसतो, समोरून पाहुणे जातात, तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता. पाच उदाहरणं एकदम न देता एका कागदावर एकच द्या, झालं की तो कागद बाजूला, दुसरा पुढे. जागा बदला, माजघराच्या मागची खोली सीझनमध्येही भाड्याने देऊ नका. उभं राहून लिहूदे. 'दप्तर भर, बाटली घे, चप्पल घाल' हे तीन वेगळ्या वेळी सांगा, त्याच्या खांद्याला हात लावून. बाटलीला दोरी बांधून दप्तराला अडकवा, त्यात लाज कसली. आणि आजोबांना त्याच्या शेजारी जाळं घेऊन बसवा. त्यांना गणित येत नाही म्हणून ते नको म्हणतील. त्यांना म्हणावं, गणित येत नाही म्हणूनच तुम्ही हवे. मोबाइलचं म्हणाल तर त्यानेच हे झालं असं सांगता येत नाही, पण रात्रीचा मात्र काढून घ्या, झोपेसाठी.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, आजोबा घरी असतात, पाहुणेही तुरळक. घडी बसवायची तर तेव्हा बसवा. ऑक्टोबरात तुम्हालाच श्वास घ्यायला वेळ नसतो.

आणि मुलाला काय सांगायचं? 'नाही रे, काही नाही झालेलं' असं नको. त्याला रोज शाळेत काय होतं ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. सांगा की मेंदू बिघडलेला नाही, अजून वाढतोय, आणि एकाच जागी लक्ष धरून ठेवणं त्याला इतरांपेक्षा जड जातं. जाळ्यावर जमतं, वहीवर जमत नाही. का ते आपण दोघं शोधू. मग त्यालाच विचारा की जाळ्याजवळ असं काय असतं. मी वर माझं उत्तर लिहिलंय खरं, पण त्याचं वेगळं असू शकतं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पिशवीत जुना जाळ्याचा तुकडा आणि त्याची सुई टाका. बाहेरच्या बाकावर दोन तास तरी बसावं लागेल.